आधी फुकटातलं पिळून काढा, मग एक्सजीचे पैसे भरा

दिवाळीच्या आधी आमचा साताऱ्याचा मित्र कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सांगलीत घरी आला, मला वाटलं पोरगं पास झालं नायतर गाडी घेतली, तर म्हणतोय "माझा एरर रेट चौदावरनं सातवर आला, ते पण एका रात्रीत." आता एका रात्रीत बॅकगॅमन, म्हणजे दोन फासे टाकून आपल्या सगळ्या सोंगट्या आधी बाहेर काढायचा पटावरचा खेळ, सुधारत नसतंय एवढं मला कळतंय, म्हणून विचारलं बाबा नवीन काय केलंस, तर एक्स्ट्रीम गॅमन हे खेळातल्या चुका मोजून दाखवणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. पैसे भरले, जुन्याच मॅचेस त्यात टाकल्या आणि आकडा निम्मा झाला. खरं काय ते मी लगेच सांगितलं नाही. पेढे संपल्यावर सांगितलं.

प्रकार असा आहे. ग्नू बॅकगॅमन, जे फुकट आहे, ते तुमची चूक दर चालीमागं पॉइंटच्या हजाराव्या भागात दाखवतं, म्हणजे तुम्ही सरासरी एका चालीला ०.०१४ पॉइंट घालवले तर तिथं १४ दिसणार. एक्स्ट्रीम गॅमन, ज्याला सगळे एक्सजीच म्हणतात, ते तेच ०.०१४ घेऊन पाचशेनं गुणतं आणि त्याला पीआर म्हणतं. झाले ७. वर आणखी गंमत म्हणजे १४ ला ग्नू "इंटरमीडिएट" म्हणतं आणि ७ ला एक्सजी "एक्सपर्ट" म्हणतं, त्यामुळं माणूस पेढे वाटणारच की. अगदी बरोबर निम्मा येतोच असं नाही, कारण कुठली चाल "निर्णय" म्हणून धरायची आणि कुठली सोडून द्यायची याचे दोघांचे नियम थोडे वेगळे आहेत, पण ढोबळ हिशोब हाच. मार्केट यार्डात हळद तोलायच्या आधी काटा बघतात तसं सॉफ्टवेअर तोलायच्या आधी ते मोजतंय कशात ते बघा.

तशीच दुसरी एक फसगत म्हणजे प्लाय. प्लाय म्हणजे इंजिन किती चाली पुढचं बघतंय ते. ग्नू मोजायला शून्यापासनं सुरुवात करतं आणि एक्सजी एकपासनं, त्यामुळं ग्नूचं २ प्लाय म्हणजे एक्सजीचं ३ प्लाय. "पेडवालं एक प्लाय जास्त बघतंय" असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलवा आणि पुढं चला.

हे सगळं ज्यांना खेळात खरंच सुधारायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. रात्री जेवण झाल्यावर दोन गेम टाकायचे आणि झोपायचं असेल तर फोनवरचं कुठलंबी अ‍ॅप चालतंय, पुढचं वाचायची गरज नाही. मी स्वतः ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिकलो. आमच्या घरात पाणी शिरलं, विश्रामबागेत बहिणीकडं वरच्या मजल्यावर आठवडाभर मुक्काम, लाईट नाही, नेट नाही, आणि भाच्याकडं एक फोल्डिंगचा पट होता. विंडोज एक्सपीमध्ये इंटरनेट बॅकगॅमन म्हणून एक गेम यायचा तेवढीच माझी आधीची ओळख. त्या आठवड्यात भाच्यानं मला इतकं धुतलं की पाणी उतरल्यावर चिखल काढून झाला की पहिलं काम लॅपटॉपवर ग्नू टाकायचं केलं.

सांगलीत राहून असल्या खेळाचा अभ्यास करायचा म्हणजे बोलणी खावी लागतात. हे बुद्धिबळाचं गाव, नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव इथं लहान पोरालापण माहिती, त्यामुळं बुद्धिबळवाले मित्र म्हणतात फाशाच्या खेळात कसला आलाय अभ्यास, दान पडलं की जिंकला. पण सॉफ्टवेअरचा विषय त्यांनाच पटकन समजतो. बुद्धिबळात स्टॉकफिश फुकट आहे आणि तेच सगळ्यात ताकदवान इंजिन, चेसबेसला पैसे देता ते डेटाबेस आणि सोयीसाठी. बॅकगॅमनमध्ये चित्र थोडं वेगळं आहे. इथं पेड एक्सजी हे फुकटच्या ग्नूपेक्षा ताकदीनंही थोडं वर आहे. थोडं. तुम्ही आणि मी जिथं आहोत तिथनं बघितलं तर दोघंही इतके उंच आहेत की खालनं फरक दिसत नाही. म्हणून मग एक्सजीला जे साठ डॉलर मोजायचे ते नेमके कशाचे, हा प्रश्न उरतो, त्याच्याकडं येतोच.

पहिल्यांदा ग्नू बसवा. विंडोजला सेटअप फाइल मिळते, उबुंटूवर तर पॅकेजमध्येच आहे, मॅकवर जरा खटपट आहे पण होतंय. ग्नू प्रोजेक्टच्या अधिकृत पानावरनंच घ्या, "फुल व्हर्जन फ्री" असलं काही लिहिलेल्या साईटवरनं नको, मुळात ते सगळंच फ्री आहे त्याला फुल आणि हाफ काय. उघडल्यावर तोंड वाकडं होईल हे आधीच सांगतो. मेनू जुनाट, बोर्डाचा रंग बघवत नाही, आणि एका खिडकीतनं पाच खिडक्या उघडतात. दोन दिवस सहन करा.

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅनालिसिसला जाऊन सोंगट्यांच्या चाली आणि क्यूब दोन्हीसाठी "वर्ल्ड क्लास" निवडा, म्हणजे २ प्लाय. क्यूब म्हणजे गेमची किंमत दुप्पट करायचा ठोकळा, तो समोरच्यानं पुढं केला की एकतर घ्यायचा आणि दुप्पट किमतीला खेळायचं, नाहीतर पास म्हणून गेम सोडायचा. त्याच्यावरचं "ग्रँडमास्टर" वगैरे सध्या नको, लॅपटॉप तापतो आणि तुमच्या चुका काही वेगळ्या निघत नाहीत. ऑप्शन्समध्ये थ्रेड्सचा आकडा असतो, तो तुमच्या प्रोसेसरच्या कोअरएवढा करा, कित्येकजण हे करतच नाहीत आणि मग ग्नू स्लो आहे म्हणून बोंब मारतात. तिथंच ट्यूटर मोड आहे, तो चालू केला की तुम्ही गाढवपणाची चाल केली की लगेच विचारतो, नक्की का? पहिला महिना हे ठेवा. नंतर बंद करा, नाहीतर सवय अशी लागते की कुणीतरी हात धरेल म्हणून माणूस विचारच करत नाही आणि मग समोर खरा माणूस बसला की पंचाईत.

आता तो जगभरचा आरोप, कॉम्प्युटर फासे चोरतंय. माझे सासरे रिटायर्ड हेडमास्तर, त्यांनी ग्नूशी तीन गेम खेळले, तिन्ही हरले, आणि निकाल दिला की याला आपलं दान आधीच कळतंय. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सेटिंग्जमध्ये जाऊन डाइस मॅन्युअल केले, त्यांच्या हातात खरे फासे दिले, म्हटलं आता दोघांचं दान तुम्हीच टाका आणि मी आकडा भरतो. चौथा गेमपण हरले. "फासे खराब आहेत" म्हणाले, पण कॉम्प्युटरवरचा आरोप मागं घेतला. ही मॅन्युअल डाइसची सोय दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे, ज्याला शंका आहे त्यानं एकदा करून बघा आणि विषय कायमचा संपवा.

खेळून झालं की मॅच सेव्ह करा, अ‍ॅनालाइज मेनूत जाऊन पूर्ण मॅच अ‍ॅनालाइज करा, सात पॉइंटची मॅच चहा होईपर्यंत होते. मग स्टॅटिस्टिक्स उघडा. इथं बहुतेक लोक एकच आकडा बघतात, आपला एरर रेट, आणि खिडकी बंद करतात. खरा माल खाली आहे. क्यूबच्या चुका तिथं वेगवेगळ्या मोजलेल्या असतात, डबल द्यायला पाहिजे होतं पण दिलं नाही, द्यायला नको होतं पण दिलं, घ्यायला नको होतं ते घेतलं, आणि घ्यायला पाहिजे होतं ते सोडलं. माझ्या पहिल्या वीस मॅचमध्ये सोंगट्यांच्या चाली बऱ्या होत्या आणि पास करण्यात मी लाखाचे बारा हजार करत होतो. समोरच्यानं क्यूब सरकवला की घाबरून सोडायचं.

म्हणून इथं पंचवीस टक्क्यांचा हिशोब एकदा डोक्यात पक्का करा. समजा तुमची जिंकायची शक्यता चारात एक आहे. चारही वेळा पास केलं तर चार पॉइंट गेले. चारही वेळा घेतलं तर तीनदा दोन दोन गेले म्हणजे सहा, एकदा दोन आले, निव्वळ चारच गेले. म्हणजे पंचवीस टक्क्यांवर दोन्ही सारखंच, त्याच्यावर असाल तर घ्यायचं. क्यूब आता तुमच्या हातात आल्यानं पुढं उलटा डबल द्यायची ताकद मिळते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी असलं तरी चालतं, आणि गॅमन खायची भीती असेल, म्हणजे एकही सोंगटी बाहेर काढायच्या आत गेम संपून डबल मार बसायची, तर जास्त लागतं. मॅचच्या स्कोअरवर हे सगळं परत हलतं ते वेगळंच.

स्टॅटिस्टिक्समध्ये आणखी एक ओळ असते, लक. कुणाचं दान किती चांगलं पडलं याचा आकडा. आमच्या ग्रुपमध्ये "माझं दानच पडत नव्हतं" हे वाक्य आता कुणी म्हणत नाही, कारण लगेच फाइल मागतात.

चुका बघताना ग्नू तीन खुणा देतं, ०.०४ च्या पुढं शंकास्पद, ०.०८ च्या पुढं वाईट, ०.१६ च्या पुढं फारच वाईट. पहिले सहा महिने फक्त तिसरी खूण बघा. एका मॅचमध्ये अशा चार पाच निघतात, प्रत्येकीवर थांबा, आधी स्वतः सांगा की मी हे का केलं, मग ग्नूची चाल बघा. शंकास्पदवाल्या बारीक चुकांच्या मागं लागणं म्हणजे छत गळतंय आणि आपण खिडकीची काच पुसतोय. तरी लोक तेच करतात, मीपण केलंय.

आणि जिथं पटतच नाही तिथं रोलआउट. रोलआउट म्हणजे त्याच पोझिशनपासनं इंजिन स्वतःशीच शेकडो गेम खेळून सरासरी काढतं. आकडा १२९६ ठेवा, तो उगाच नाही, दोन फाशांची ३६ दानं आणि त्याच्यापुढच्या दानाची परत ३६, छत्तीस गुणिले छत्तीस, म्हणजे पहिल्या दोन दानांची प्रत्येक जोडी समसमान येते. व्हेरियन्स रिडक्शनची टिक चालू असू द्या, त्यानं नशिबाचा गोंगाट बराच गाळला जातो. निकालाशेजारी स्टँडर्ड डेव्हिएशन लिहिलेलं असतंय ते वाचायचं. दोन चालींत फरक ०.०१० आणि डेव्हिएशन ०.००८ असेल तर अजून काही ठरलेलं नाही, आणखी गेम चालवा किंवा दोन्ही सारख्या समजून सोडा. रात्री रोलआउट लावून झोपायची माझी सवय होती, एकदा पहाटे लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच, सगळं गेलं. आता अधूनमधून सेव्ह करतो.

एवढं सगळं फुकटात. मग अडतं कुठं?

पहिलं अडतं ते खऱ्या पटावर खेळलेली मॅच भरताना. कॉम्प्युटरशी किंवा ऑनलाइन खेळलात तर फाइल तयार मिळते, बहुतेक ठिकाणी डॉट मॅट प्रकारची, ती ग्नू आणि एक्सजी दोघंही वाचतात. पण आम्ही चारजण रविवारी पट मांडून बसतो, शेजारी भडंगाचं ताट, स्टूलवर फोन उभा करून व्हिडिओ काढतो, आणि नंतर तो बघत बघत एकेक दान आणि चाल भरायची असते. ग्नूत हे होतं, दोन्ही खेळाडू ह्यूमन करा आणि डाइस मॅन्युअल करा, झालं. पण मध्ये कुठं चुकीची चाल भरली आणि चाळीस चालींनंतर लक्षात आलं की मागं जाऊन ती बदलली की पुढचं सगळं परत भरायला लागतं. एका मॅचला मला दीड तास लागायचा आणि त्या दीड तासात शिव्या किती जायच्या ते घरच्यांना विचारा. एक्सजीत हेच काम सुटसुटीत आहे, दान क्लिक, सोंगटी क्लिक, पुढं, मधली चूक दुरुस्त करणं सोपं, माझं आता अर्ध्या तासात होतंय. माझ्यासाठी साठ डॉलरमधले चाळीस इथंच वसूल झाले.

दुसरं म्हणजे हिशोब ठेवणं. एक्सजी प्रत्येक खेळाडूचं प्रोफाइल ठेवतं, सगळ्या मॅचेस त्यात जमा होतात, सहा महिन्यांत पीआर वर गेला का खाली, क्यूबमध्ये किती सुधारलो, कुठल्या स्कोअरला घोळ घालतो, ते बसल्या जागी दिसतं. ग्नूमध्येही रेकॉर्ड ठेवता येतं पण ते आपलं आपण खणून काढायचं, मी तेव्हा एक एक्सेल शीट केली होती, तारीख, समोर कोण, एरर रेट, क्यूबची सगळ्यात मोठी चूक. खरं सांगू का, ती शीट हातानं भरताना जेवढं डोक्यात राहायचं तेवढं आता एक्सजीचा ग्राफ बघून राहत नाही.

तिसरं ताकदीचं. बॅकगेम, म्हणजे समोरच्याच्या घरात मागं दोन घरं धरून बसायचं आणि शेवटी मारायची वाट बघायची, असल्या पोझिशन आणि दोन्हीकडं लांब भिंती उभ्या राहून भिडलेल्या पोझिशन, इथं ग्नू डळमळतं. साध्या अ‍ॅनालिसिसला एक सांगतं आणि रोलआउटला भलतंच. एक्सजी तिथं जास्त भरवशाचं आहे, शिवाय त्याच्यात एक्सजी रोलर म्हणून प्रकार आहे, तो छोटा रोलआउटच असतो, थोड्या चाली पुढं खेळून तिथं थांबून अंदाज घेतो, त्यामुळं काही सेकंदात बऱ्यापैकी पक्कं उत्तर मिळतं. ग्नूत त्याच उत्तरासाठी तुम्हाला खुर्चीतनं उठून फेरी मारून यायला लागेल. पण तुमच्या गेममध्ये खरा बॅकगेम महिन्यातनं किती वेळा येतो ते पण बघा. आणि एक्सजीही देव नाही, तिथंही अवघड बॅकगेमला रोलआउटच करावा लागतो.

उलट शेवटच्या टप्प्यात, सोंगट्या बाहेर काढताना, फुकट आणि पेड यात काही फरक पडत नाही, ग्नूबरोबर बेअरऑफचा डेटाबेस येतोच, थोड्या सोंगट्या उरल्या की ते अंदाज करतच नाही, पक्का हिशोब वाचून दाखवतं. मॅचच्या स्कोअरचं टेबलपण तसंच. नील कझॅरॉस यांनी एक्सजीच्या रोलआउटवरनं केलेलं मॅच इक्विटी टेबल, म्हणजे कुठल्या स्कोअरला मॅच जिंकायची शक्यता किती ते सांगणारा तक्ता, ग्नूमध्येही आहे, म्हणजे पेडवाल्याच्या शेतातलं पीक फुकटवाल्याच्या ताटात. दोन्हीकडं हे एकच टेबल निवडा, नाहीतर क्यूबची उत्तरं वेगळी आली की तुम्ही इंजिनला दोष देत बसाल.

आता घ्यायचंच ठरलं तर. एक्सजी विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी वाइन किंवा पॅरलल्ससारखं काहीतरी लावूनच ते चालवायचं, हे पैसे भरायच्या आधी बघा, नंतर नाही. किंमत मी घेतलं तेव्हा साठ डॉलरच्या आसपास, एकदाच भरायची, दर महिन्याचं काही नाही, रुपयात पाच हजाराच्या पुढं जातं कारण कार्डवाली बँक डॉलर बदलायचे वर काहीतरी लावते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी चालू करा, लिमिट ठेवा, काम झालं की बंद करा. आणि बिलावर "मनी गेम" असलं काही नसतं, पण सॉफ्टवेअरच्या आत तो शब्द दिसतो, त्याचा अर्थ पॉइंटची मॅच नसलेला सुटा गेम एवढाच. आमच्या आईनं स्क्रीनवर ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड, म्हणजे की, मेलवर आली की ती तीन ठिकाणी लिहून ठेवा. माझा लॅपटॉप एका दुकानात कीबोर्ड बदलायला दिला होता, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारून "एकदम नवा करून दिलाय साहेब" म्हणून परत दिला. एक्सजी परत अ‍ॅक्टिव्हेट करायची की जुन्या मेलमध्ये सापडली, पण चौदा महिन्यांच्या मॅचेस गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासनं फोल्डर ड्राइव्हवर असतो, आणि प्रत्येक मॅच एक्सजीच्या स्वतःच्या फॉरमॅटबरोबर डॉट मॅटमध्येही काढून ठेवतो, कारण एक्सजीची फाइल ग्नू उघडत नाही, डॉट मॅट मात्र सगळीकडं उघडतं. एकच पोझिशन इकडनं तिकडं न्यायची असेल तर एक्सजीआयडी म्हणून अक्षरांची एक ओळ असते, ती कॉपी करून नव्या ग्नूमध्ये पेस्ट केली की बोर्ड तसाच्या तसा मांडला जातो.

पेनड्राइव्हवर क्रॅक मिळतो असं सांगणारा एक भेटेलच. नको. साठ डॉलर वाचवायला जाऊन बँकेचे पासवर्ड असलेल्या मशीनमध्ये कुणाची तरी एक्झी फाइल चालवायची, त्यापेक्षा ग्नू आहे ना फुकट.

फोनचं थोडक्यात सांगतो. एक्सजी मोबाइल म्हणून वेगळं अ‍ॅप आहे, डेस्कटॉपचं घेतलं म्हणून ते फुकट मिळत नाही, प्रवासात खेळायला आणि पोझिशन तपासायला चांगलं आहे, सांगली सातारा एसटीत माझे बरेच गेम झालेत. बाकी अ‍ॅपमध्ये "प्रीमियम" शब्दावर जाऊ नका. मी एकदा एका अ‍ॅपला पैसे भरले, मिळालं काय, जाहिराती गेल्या आणि सोनेरी फासे आले. चुका दाखवणं, इक्विटी म्हणजे पोझिशनची पॉइंटमधली किंमत, रोलआउट, काही नाही. पैसे भरायच्या आधी एकच बघायचं, हे मला माझी चूक आकड्यात दाखवतंय का.

बीजीब्लिट्झचं नाव घेतलंच पाहिजे, फ्रँक बर्गर यांनी केलेलं, जावावर चालतं म्हणून विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडं सारखंच, ताकद भरपूर. मॅक असेल आणि ग्नूचा कंटाळा आला असेल तर एक्सजीच्या मागं विंडोज चढवत बसण्यापेक्षा आधी हे बघा. आमच्या चारजणांत कुणी वापरत नाही म्हणून फाइल पाठवापाठवीला मला एक्सजी बरं पडतं, एवढंच कारण. जुन्या पुस्तकांत जेलीफिश आणि स्नोई ही नावं वाचाल, एकेकाळी लोक त्यांना बरेच पैसे मोजायचे, आता त्यांच्या मागं लागू नका.

या सगळ्यांची आजी म्हणजे टीडी गॅमन, आयबीएममध्ये जेरल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमाराला केलेलं, स्वतःशीच लाखो गेम खेळून शिकलेलं. त्याआधी सुरुवातीला २-१ पडलं की जाणकार लोक एक सोंगटी पाचव्या घरात एकटी सोडायचे, मारली तर मारली म्हणून. टीडी गॅमन म्हणालं मागच्या दोन सोंगट्या फोडणं जास्त बरं, लोकांनी तपासलं आणि बऱ्याच मोठ्या खेळाडूंनी आपली सवय बदलली. आज ग्नूमध्ये २-१ टाकून दोन्ही चालींचा रोलआउट लावा, फरक अगदी थोडा येतो, पण ज्या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षं भांडले तो तुमच्या टेबलावर फुकटात सुटताना बघायला मजा येते.

तर मग कधी घ्यायचं. माझं मत विचाराल तर ग्नूवर आधी पन्नास मॅचेस पूर्ण अ‍ॅनालाइज करा, नुसत्या खेळू नका, आणि ग्नूचा एरर रेट सलग दहा मॅचेस बाराच्या खाली आला का बघा. आला नसेल तर तुमच्या चुका इतक्या मोठ्या आहेत की त्या फुकटवाल्यालाही लांबनं दिसतात, पैसे खर्चून त्याच चुका सुंदर बोर्डावर बघायच्या का? आला असेल आणि तुम्ही खऱ्या पटावर खेळता, मॅचेस हातानं भरता, तर घ्या, खुशाल घ्या. फक्त ऑनलाइनच खेळत असाल तर ग्नूवर आणखी वर्ष काढलं तरी काही बिघडत नाही. याला अपवाद एकच, ज्याला त्या जुनाट खिडक्या बघूनच लॅपटॉप बंद करावासा वाटतो त्यानं पहिल्याच दिवशी एक्सजी घ्यावं, न उघडलेलं फुकट सॉफ्टवेअर सगळ्यात महाग पडतं.

आणि चालू ऑनलाइन मॅचमध्ये शेजारी कुठलंच इंजिन उघडायचं नाही, फुकटचंही नाही. आमच्यातल्या एकानं केलं होतं, त्याचा एरर रेट रविवारी पटावर अठरा आणि ऑनलाइन तीन. काही बोलावंच लागलं नाही.

साताऱ्याच्या मित्रानं आता एक केलंय, एकच मॅच दोन्हीकडं अ‍ॅनालाइज करायची आणि जिथं दोघांची चाल वेगळी येते तेवढ्याच पोझिशनचे स्क्रीनशॉट मला पाठवायचे. एका सात पॉइंटच्या मॅचमध्ये अशा दोन किंवा तीन निघतात, आणि त्यातही फरक इतका बारीक की दोघांपैकी कुणाचंही ऐकलं तरी चालतंय. परवाच्या मॅचमध्ये दोन होत्या. त्याच मॅचमध्ये त्याच्या स्वतःच्या मोठ्या चुका नऊ, आणि नऊच्या नऊ दोन्ही सॉफ्टवेअरनी पकडलेल्या. पेढे आता माझ्याकडनं पाहिजेत म्हणतोय, कारण नऊपैकी एकही चूक क्यूब घाबरून पास करण्याची नव्हती.